मयतीसाठी राखलेला आठवडा

२४ जून

इटलीहून समुद्र ओलांडून पोचलो एकदाचे हम्मामेतला. दोन मोठ्या बॅगा, कॉफीचं भांडं आणि ओरेस्तेची औषधांची पिशवी. तीच सगळ्यांत जड. या माणसाला शिंक आली तरी हा इस्पितळ कुठे आहे ते विचारतो. लग्नाला शेचाळीस वर्षं झाली, त्यात निदान शंभर वेळा मरायला टेकलाय. विमानात कान दडपले म्हणून त्या पोरीला तीनदा बोलावलं. शेवटी मीच म्हटलं, "जांभई दे आणि गप बस."

घर दुसऱ्या मजल्यावर. मान वाकडी केली तर समुद्र दिसतो. जाहिरातीतल्या फोटोत मान सरळ होती.

घरमालक खालीच राहतो. नाव हेदी, पण सगळे मानाने सी हेदी म्हणतात. आमच्याच वयाचा, बायको गेलेली. इटालियन फाडफाड बोलतो. कुठे शिकलात विचारलं तर म्हणे टीव्हीवर, लहानपणी इथे तुमचंच चॅनल दिसायचं. गाण्यांचे कार्यक्रम बघून शिकला, त्यामुळे बोलतो ते सगळं प्रेमाच्या गाण्यासारखं.

"मादाम, तुम्ही आलात आणि माझ्या जिन्यात उजेड पडला."

म्हटलं, "जिन्यातला दिवा गेलाय, तो आधी लावा."

ओरेस्ते हसला. दोघांचं जमणार असं दिसतंय.

२७ जून

इथल्या इटालियन म्हाताऱ्यांचा एक बार आहे. सगळे आमच्यासारखेच, पेन्शन घेऊन आलेले. पेन्शन तिकडची, पण माणूस इथे राहायला आला की कर इथला लागतो, आणि तो नावापुरताच. अट एकच. अर्ध्या वर्षापेक्षा जास्त दिवस इथे काढायचे. त्यामुळे इथे कोणी कोणाला "कसे आहात" विचारत नाही. "किती झाले?" विचारतात. उत्तरादाखल दिवस सांगायचे.

सगळ्यांचे कागद ग्वाल्तिएरो बघतो. पादोव्हाच्या बँकेत होता. सल्ला फुकट, कॉफी आपण पाजायची. त्याने आमचे पासपोर्ट बघितले.

"जून संपायच्या आत आलात ते बरं केलंत. आता नवीन वर्ष उजाडेपर्यंत बाहेर पाय ठेवायचा नाही. हिशोबात दोघांचा एकेक आठवडा जास्तीचा आहे, पण तो वापरायचा नाही."

"मग ठेवायचा कशाला?" ओरेस्ते.

"मयतीसाठी. इथे सगळेच राखतात. या वयात घरी कोणी ना कोणी जातंच."

पलीकडची एक बाई म्हणाली, "माझा ईस्टरलाच संपला. जाऊबाईच्या नवऱ्यावर. जिवंतपणी त्याच्यासाठी मी एक तास दिला नसता."

सगळे हसले. मीही. मग ग्वाल्तिएरोने आणखी एक सांगितलं. तिकडे आता आपलं नाव सरकारी डॉक्टरच्या यादीत नाही. अगदी जिवावर बेतलं तर इस्पितळ घेईल, बाकी काही नाही. ओरेस्तेचा चेहरा पडला.

मी म्हटलं, "आम्ही काय आजारी आहोत?"

५ जुलै

निवेसचा फोन. "आई, करमतंय का गं?"

"न करमायला काय झालं? मस्त आहे. ऊन, मासळी, कोणाची कटकट नाही."

"आणि बाबा?"

"बाबा राजा झालेत इथले."

फोन ठेवला आणि सकाळची घासलेली भांडी परत घासली. दुसरं काम नव्हतं. इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय. मला इथे जीव नकोसा झालाय. कारखान्यात आम्ही बायका एका टेबलाभोवती उभ्या राहून शिंपल्या निवडायचो. पाण्याने हात बधिर व्हायचे, पण तोंडं बंद नसायची. पेन्शनीत निघाल्यावरही त्यांतल्या चौघी रोज संध्याकाळी पुलावर भेटायच्या. मी गेले नाही तर कोणी तरी दार वाजवायचं. इथे माझं दार फक्त पाण्याच्या बाटल्यावाला वाजवतो.

पण यायचं मीच ठरवलं. मागच्या हिवाळ्यात किओज्जाला, आपल्या घरी, आम्ही एकच खोली तापवायचो आणि कोट घालून जेवायचो. ओरेस्ते कागदांना भीत होता. मीच म्हटलं, चल. घर चार वर्षांच्या कराराने भाड्याने दिलं तेही मीच. आता तोंड वर करून नको म्हणायचं कसं? आणि त्याला इथे आवडलंय. पहाटे सी हेदीबरोबर मासळीबाजारात जातो, हसत परत येतो. माझ्या मनातलं त्याला कळता कामा नये.

२० जुलै

भयंकर उकाडा. एसी लावला की बिल, नाही लावला की झोप नाही. ओरेस्तेचा आवाज बसलाय. एसीनेच.

बाजारात आज सी हेदीने त्याला आमच्याकडच्या मासळीच्या लिलावासारखं पुकारायला लावलं म्हणे. इथल्या कोळ्यांना गंमत वाटली. आमच्याकडे लिलाव ओरडून होत नाही. घेणारा येतो, लिलाववाल्याच्या कानात भाव सांगतो, बाजूला होतो. मग दुसरा. सगळ्यांचं कानात ऐकून झालं की लिलाववाला एकाचंच नाव पुकारतो. बाकीचे किती बोलले ते त्याच्या पोटात राहतं. ओरेस्तेने चाळीस वर्षं तेच काम केलं. मी बायको असून मला कधी एक आकडा सांगितला नाही. नाव पुकारायचा तेव्हा मात्र कालव्यापलीकडे ऐकू जायचं.

आज पुकारायला गेला आणि नुसती हवा निघाली. घरी येऊन आरशासमोर आ करून बसला, हातात टॉर्च.

"एर्सिलिया, बघ ना जरा. काही लाल दिसतंय का?"

"सगळ्यांचा घसा लालच असतो. मध घे."

१४ ऑगस्ट

स्वस्त स्वस्त म्हणून आलो. भाजी स्वस्त, मासळी स्वस्त, टॅक्सी स्वस्त. आपली कॉफी महाग, आपलं चीज महाग, विमान महाग, एसी महाग. ग्वाल्तिएरो म्हणतो, "तुम्ही तिकडचं खाणं सोडा, मग बघा किती उरतं." म्हणजे पैसे उरतील, मी उरणार नाही.

ओरेस्तेचा आवाज अजून तसाच. रोज तेच रडगाणं. गिळताना काटा अडकल्यासारखं होतं, कानात कळ येते. मागच्या वर्षी हेच गुडघ्याचं होतं, त्याच्या आधी पित्ताशयाचं. दोन्हींचं काही निघालं नाही. मी आता हं हं म्हणते आणि खिडकीबाहेर बघते.

२ सप्टेंबर

भांडण. त्याचं म्हणणं, राखलेला आठवडा वापरतो, किओज्जाला जाऊन जुन्या डॉक्टरला घसा दाखवतो.

मी म्हटलं, "यादीत नाव नाही. तो तुला दारात उभा करणार का?"

"ओळखीने बघेल."

"आणि तुझी बहीण? पाल्मिरा चौऱ्याऐंशीची आहे, अर्धी अंथरुणात. ती गेली तर मयतीला कुठल्या दिवसांवर जाशील? वर्ष मोडलं की सगळा कर तिकडे परत भरायचा. मग आलो कशाला इथे, घाम गाळायला?"

"मग इथल्या डॉक्टरला दाखवतो."

"इथले सगळे खाजगी. गेलास की तपासण्या लावणार. जानेवारीत तिकडे जाऊ, नाव परत लावून घेऊ, काय दाखवायचं ते दाखव. चार महिन्यांत कोणी मरत नाही आवाज बसून."

तो कुजबुजला, "माझा आवाज बघ. कानात भाव सांगायला आलेल्या माणसासारखा झालाय."

"बरं झालं. घर शांत झालं."

बोलून गेले. त्याने टोपी उचलली आणि खाली सी हेदीकडे जाऊन बसला.

१६ सप्टेंबर

दोघं सकाळीच नाबलला गेले. म्हणे तिथल्या बाजारात मोठी मासळी येते. संध्याकाळी परत आले ते हात हलवत. मासळी नाही. बदामाच्या मिठाईचा डबा आणला, माझ्यासाठी.

"मासळी कुठाय?"

"आवडली नाही," ओरेस्ते म्हणाला. सी हेदी जिन्यातच थांबला होता. रोज पायरीवर दोन गाणी म्हटल्याशिवाय न हलणारा माणूस, आज नमस्कार केला आणि दार लावून घेतलं. मासळीच्या भावावरून भांडले असतील.

ओरेस्तेने रात्रीची भांडी घासली. न सांगता. शेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

३० सप्टेंबर

एक गोष्ट लिहायलाच हवी. ओरेस्ते सुधारला. पंधरा दिवस झाले, घशाचं एक अक्षर नाही. औषधांची पिशवी कपाटात टाकली. टॉर्च सी हेदीला देऊन टाकला. विचारलं, "कसं आहे आता?" तर नुसता हात हलवतो, ठीक म्हणून. मी तेव्हाच म्हटलं होतं, लक्ष दिलं नाही की पळतं.

पोटही उतरलंय. पट्ट्याला नवीन भोक पाडलं. रात्री फक्त सूप घेतो, ब्रेड त्यात भिजवून. शोभतो. लग्नात असाच दिसत होता.

दुपारी मला म्हणाला, म्हणजे कुजबुजला, "चल, समुद्रावर बसू." बसलो. तो माझ्याकडेच बघत होता. मी विचारलं, काय? म्हणाला, "तुझा रंग छान झालाय उन्हाने." मी त्याला खुशाल सांगितलं, "इथली हवा मानवली मला." काय सांगणार दुसरं? तो खूश झाला.

२१ ऑक्टोबर

सी हेदीने जिन्यात गाठलं. मी पिशव्या घेऊन वर येत होते. त्याने पिशव्या घेतल्या आणि तिथेच उभा राहिला.

"मादाम, एक सांगू? रागावू नका. तुम्ही दोघं आत्ता घरी जावं."

"घरी म्हणजे?"

"इटलीला. आत्ता. नवीन वर्षाची वाट बघू नका."

"का? काय झालं?"

त्याने पिशव्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. मग म्हणाला, "मला याहून जास्त बोलता येत नाही. पण जा."

मला काय कळत नाही का? वरच्या गल्लीत एका जर्मन जोडप्याने दीडपट भाड्यात घर घेतलंय. बारमध्ये सगळीकडे तीच चर्चा. मी स्पष्ट सांगितलं, "सी हेदी, आपला करार जूनपर्यंतचा आहे. भाडं वाढवायचं असेल तर तोंडावर सांगा, अशी आडून आडून गाणी नकोत."

त्याचं तोंड एवढंसं झालं. पिशव्या दाराशी ठेवल्या आणि गेला. ओरेस्तेला सांगितलं तर त्याने उठून खिडकी लावली. मग म्हणाला, "चांगला माणूस आहे तो." म्हटलं, "असेल. पण मालक आहे."

११ नोव्हेंबर

सगळं बंद झालं. हॉटेलांनी खुर्च्या आत घेतल्या. पोहण्याच्या तलावातलं पाणी काढलं, तळाशी पानं आणि एक मांजर. वारा दिवसभर. घर दगडासारखं गार, तापवायची सोय नाही, भिंतीला बुरशी. कोट घालून जेवतो. त्यासाठी समुद्र ओलांडला.

बारमध्येही आता मोजकेच. ज्यांचे दिवस भरले ते नातवंडांकडे पळाले. उरलेले पत्ते खेळतात आणि पासपोर्ट बघतात. मी परवा खिडकीशी बसून मोठ्याने बोलत होते. शिंपल्यांच्या टेबलावरच्या बायकांशी. ओरेस्ते मागे उभा होता. त्याने ऐकलं का माहीत नाही. मी म्हटलं, गाणं म्हणत होते.

निवेसचा फोन. "आई, बाबा हल्ली फोनवर का येत नाहीत?"

"आवाज बसलाय."

"अजून?"

"एसीमुळे."

"आई, नोव्हेंबर आहे."

मी विषय बदलला. तिला नुसती काळजी करायची सवय. बापावर गेलीय.

४ डिसेंबर

त्याचे रुमाल धुतले. दोनांवर तांबडे ठिपके. हरिसाचे असणार, इथे मिरचीची ती चटणी सगळ्यांत घालतात. हरिसाचा डाग तेलकट असतो, साबणाने जात नाही. हा गार पाण्याने गेला.

तो हल्ली फक्त सूप घेतो. सुपात हरिसा घालत नाही.

असो. उद्या विचारते.

५ डिसेंबर

विचारलं. म्हणाला, दात ब्रश करताना लागलं.

मी म्हटलं, "असं कर. तुझा आठवडा काढ. उद्याच्या विमानाने जा, निवेसकडे राहा, घसा दाखव. वर्ष मोडत नाही."

त्याने मान हलवली. वाकून माझ्या कानाशी आला, कारण आता दुसऱ्या खोलीतून त्याचं ऐकू येत नाही.

"तो मयतीसाठी आहे."

"पाल्मिराला मी फोन केला, ती ठणठणीत आहे. ओरडत होती माझ्यावर."

"असू दे. एवढे दिवस काढले. थोडक्यासाठी कशाला?"

मीच शिकवलेलं मलाच ऐकवत होता. मी पुढे जोर केला नाही. का नाही केला? जोर करायला मला येतं. मालकांशी भांडून कारखान्यात हातमोजे घ्यायला लावणारी मी. पण मला वाटलं, इतका हट्टी आहे म्हणजे बरा असेल. खरंच वाटलं का तसं? माहीत नाही.

३१ डिसेंबर

दिवस भरले. बारमध्ये ग्वाल्तिएरोने बाटली फोडली. प्रत्येकाचं नाव घेऊन "पास!" म्हणाला, शाळेसारखं. मसुराची आमटी केली होती कोणीतरी, आपल्याकडे नवीन वर्षाला करतात तशी.

"आणि ओरेस्तेचा आठवडा?" कोणीतरी विचारलं.

"वाया गेला," ग्वाल्तिएरो म्हणाला. "कोणी मेलंच नाही!"

सगळे हसले. ओरेस्ते सगळ्यांत जास्त हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते. मग ते थांबेनात. मी पाठीवरून हात फिरवला तर हाताला सगळी हाडं लागली. शर्टावरून इतके दिवस कळलं नव्हतं.

सी हेदी दाराशी उभा होता. आत आला नाही.

९ जानेवारी, मेस्त्रे

काल आलो. निवेसचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर ओरेस्ते थांबला. दुसऱ्यावर खाली बसला. श्वास आत घेताना शिटीसारखा आवाज. ओठ निळे. मी म्हटलं, "ऊठ, एकच जिना राहिलाय," आणि निवेस वरून धावत आली, त्याचा चेहरा बघितला आणि माझ्यावर किंचाळली, "आई, याला काय झालंय? तू बघितलं नाहीस?"

रोज बघत होते. रोज बघणाऱ्याला काय दिसतं?

अँब्युलन्स आली. जिवावर बेतलं होतं, त्यामुळे इस्पितळाने घेतलं. घशाला खालून भोक पाडलं, नळी बसवली. आता श्वास तिथून.

१० जानेवारी

डॉक्टर निवेसच्या वयाचा आहे. बसायला खुर्ची दिली तेव्हाच मी समजले.

स्वरयंत्रात गाठ आहे. मानेतही उतरलीय. सगळं स्वरयंत्र काढावं लागेल, नळी कायमची, आवाज कायमचा गेला. एवढं करूनही किती वेळ मिळेल सांगता येत नाही.

"उन्हाळ्यात आला असतात तर किरणांचा शेक देऊन भागलं असतं. आवाजही राहिला असता बहुतेक. याआधी कोणाला दाखवलं नव्हतं का?"

"नाही," मी म्हटलं.

पलंगावर ओरेस्तेने मान डोलावली. हो, दाखवलं होतं म्हणून.

मी बाहेर येऊन सी हेदीला फोन लावला.

"नाबलला काय करायला गेला होतात?"

"डॉक्टरीणबाईंकडे, मादाम. त्यांनी कॅमेरा घातला. म्हणाल्या, याच महिन्यात करून घ्या, आवाज वाचेल."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही? तोंड शिवलं होतं तुमचं?"

"त्याने सांगू दिलं नाही. म्हणाला, कानात सांगितलेलं पुकारायचं नसतं."

"हा काय मासळीचा लिलाव होता?"

"मी तरी जिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, जा म्हणून." त्याचा आवाज फाटला. "तुम्ही भाड्याचं बोललात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. शेवटी विचारलं, "पण का? एरवी शिंकेलाही गाव गोळा करणारा माणूस. हे का लपवलं?"

"कारण मला माहीत आहे. पण तेही त्याने कानातच सांगितलंय, मादाम. त्यालाच विचारा."

२३ जानेवारी

ओरेस्तेला नळीसकट घरी सोडलंय, पण पुढच्या उपचारांसाठी इथे नाव परत लावायला हवं. स्वतःच्या घरात भाडेकरू, ते चार वर्षं हलत नाहीत. म्हणून निवेसचा पत्ता दिला. अर्जावर नाव लगेच चढतं, पण तुम्ही खरंच राहता का ते बघायला पालिकेचा पोलीस येतो. खोटं निघालं तर नाव उडतं.

आज आली. बाई होती, पन्नाशीची, दमलेली. निवेसने बाहेरच्या खोलीत आमचा पलंग लावलाय, तो बघितला. कपाट उघडून कपडे बघितले. न्हाणीघरात दात घासायचे ब्रश मोजले. कामाला चोख होती, मला आवडली.

मग ओरेस्तेला विचारलं, "तुम्ही इथे कायमचे राहायला आलात ना?"

मी म्हटलं, "हो, आलोत."

"त्यांना सांगू द्या, मावशी."

ओरेस्तेने मान हलवली. नाही.

"तो औषधांच्या गुंगीत आहे," मी म्हटलं. "ओरेस्ते, हो म्हण. राहायचंय ना इथे?"

परत नाही. अगदी शांत. डोळ्यांत गुंगी वगैरे काही नव्हती.

बाईने त्याच्या गळ्यातली नळी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. पेन खिशात ठेवलं. म्हणाली, "कपडे इथे आहेत, पलंग इथे आहे. मी जे बघितलं ते लिहीन." दारात माझा दंड दाबला आणि गेली.

निवेस रडायला लागली. मी तिला म्हटलं, बटाटे सोल.

२६ जानेवारी

ऑपरेशन गुरुवारी ठरलंय. त्याने संमती दिलेली नाही. डॉक्टरने दोनदा विचारलं, निवेसने पाया पडून विचारलं. तो भिंतीकडे तोंड करतो. मी मात्र विचारलं नव्हतं. मला वाटलं, देईल, जाईल कुठे.

नळीच्या तोंडावर बोट दाबलं की थोडं थोडं बोलता येतं, नर्सने दाखवलंय. तो ते करत नव्हता. आज दुपारी मी त्याची उशी सारखी करत होते तेव्हा त्याने माझा हात धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट नळीवर ठेवलं. मी वाकले. कान त्याच्या तोंडाशी नेला. चाळीस वर्षं लोक असे त्याच्या कानाशी यायचे.

"नको ते ऑपरेशन."

"मूर्खपणा करू नकोस."

"नको, एर्सिलिया. पुरे."

"सप्टेंबरात तुला सांगितलं होतं तिने. आवाज वाचला असता. सगळं वाचलं असतं. मला का नाही सांगितलंस?" मी हळू बोलत नव्हते. पलीकडच्या खोलीतला निवेसच्या चाकूचा आवाज थांबला.

त्याने बोट काढलं, श्वास घेतला. खूप वेळ लागला. परत बोट ठेवलं.

"वर्ष मोडलं असतं. परत यायला लागलं असतं. त्या गारठ्यात, कोट घालून." परत श्वास. "तू तिथे सुखात होतीस. समुद्रावर. खिडकीत गाणं म्हणायचीस. मी ऐकलं. इथे नाव लागलं की ते गेलं."

मी त्याच्याकडे बघत राहिले. काय काय सांगता आलं असतं. की मी गात नव्हते. की पहिल्या आठवड्यापासून मला परत यायचं होतं, एक शब्द बोलला असतास तर त्याच दिवशी बॅगा भरल्या असत्या. तोही माझ्याकडे बघत होता. सगळे भाव ऐकून झाल्यावर नाव पुकारायच्या आधी बघायचा, तसा.

"होतीस ना?"

"हो," मी म्हटलं. "खूप सुखात होते."

त्याने मान डोलावली आणि बोट काढलं.